अकरा सेकंदांचे साडूभाऊ

पैसा एका देशातून दुसऱ्या देशात नेमका कसा जातो हे खरोखर ठाऊक असलेला माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. नात्यातला म्हणून मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर हेही ऐका, की याच माणसाला जानेफळच्या बाजारात भाजीवालीकडून पाच रुपये परत घ्यायला पंधरा मिनिटं लागतात. ती पाचाचं नाणं देते, साडूभाऊ ते उलटंपालटं करून पाहतात, खिशात टाकतात, खिशात पडलं की नाही ते वरून चाचपतात आणि मग तिला सांगतात, "मावशी, पोचले." मावशी "बरं" म्हणाल्याशिवाय जागचे हलत नाहीत. ती बिचारी आता हे लांबून येताना दिसले की आधीच "बरं" म्हणून मोकळी होते.

मी नांदुऱ्याच्या बाजारात धान्याची अडत चालवतो. आमची सासुरवाडी घाटावर, जानेफळला. मी थोरलीचा नवरा, साडूभाऊ धाकटीचे. ते मूळचे संग्रामपूरचे. पुण्यात नऊ वर्षं संगणकाची नोकरी केली. मग आमचे सासरे वारले, मेव्हणा आधीच परदेशी गेलेला, सासूबाई एवढ्या मोठ्या घरात एकट्या पडल्या, तेव्हा यांनी पुण्याचं बिऱ्हाड गुंडाळलं आणि बायकोला घेऊन जानेफळला आले. काम सगळं संगणकावरचं, वीज आणि इंटरनेट असलं की त्यांना पुणं काय आणि जानेफळ काय. लोक घरजावई म्हणतील म्हणून सासूबाईंच्या घरात न राहता दोन घरं सोडून भाड्यानं राहिले. चहा सासूबाईंकडे, जेवण सासूबाईंकडे, दुपारची डुलकीसुद्धा सासूबाईंच्या ओसरीवर, पण भाडं स्वतंत्र. कुणी "घरजावई" म्हणालंच तर खिशातून भाड्याची पावती काढून दाखवतात. पुरावा जवळ बाळगायची त्यांना सवयच आहे.

ते नक्की काय काम करतात हे कळायला मला दोन वर्षं लागली. ते स्वतः कुणाला पैसे पाठवत नाहीत. जगभरच्या कंपन्यांतल्या प्रोग्रामर लोकांना एका देशातला पैसा दुसऱ्या देशात पोचवायचा असतो. प्रत्येकानं आपापला रस्ता खणत बसू नये म्हणून साडूभाऊंची कंपनी तयार रस्ता बांधून देते आणि बाकीचे त्याला येऊन जोडून घेतात. मी म्हटलं, म्हणजे आमची अडतच की. शेतकरी व्यापाऱ्याला ओळखत नाही, व्यापारी शेतकऱ्याला ओळखत नाही, दोघंही मला ओळखतात. साडूभाऊंचा चेहरा उजळला. पण लगेच म्हणाले की अडत्या दुपारी जेवायला घरी जातो, आमचा रस्ता जेवायला जात नाही. गावात मात्र त्यांनी सोपं करून सांगायचं म्हणून "पैशाची नळयोजना बांधतो" असं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे काका गळका नळ दाखवायला दारात हजर झाले. साडूभाऊ गेले. आधी वरची तोटी बंद केली, मग एक पेलाभर पाणी सोडून पाहिलं, मग दोन पेले, मग अर्धी बादली. दोन तास लागले. तो नळ अजून गळलेला नाही, हे कबूल केलं पाहिजे.

या धंद्यात मधल्या टप्प्याला डॉलरचं एक संगणकी नाणं लागतं. ते काय असतं हे त्यांनी सासूबाईंना समजावलं ती दुपार मी विसरणार नाही. म्हणाले, बैल जसा खुंट्याला दाव्यानं बांधलेला असतो तसं हे नाणं डॉलरला बांधलेलं असतं. इकडे तिकडे थोडं फिरेल, पण दाव्याच्या बाहेर जाणार नाही. तिकडचा पैसा त्या नाण्यात बदलायचा, नाणं क्षणात सीमा ओलांडतं, इकडे त्याचे पुन्हा रुपये करायचे. सासूबाई तुरीची डाळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "अन दावं तुटलं त, बापू?" साडूभाऊ संगणक उघडून बसले. संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. मला वाटतं, हा प्रश्न त्यांच्या कंपनीतल्या मोठ्या साहेबांनीही इतका सरळ विचारला नसावा. दुसऱ्या दिवशी त्यांनी सासूबाईंना दाव्याची मजबुती कोण कशी तपासतं ते सांगितलं, आणि सासूबाईंनी शेवटी एवढंच म्हटलं की खुंटापण पाहून घेत जा.

त्यांच्या कामाचे नियम कामापुरते राहिले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण साडूभाऊ आंघोळीपासून लग्नापर्यंत सगळं त्याच नियमांनी करतात. पहिला नियम, मोठं काही करण्याआधी तेच लहान करून बघायचं. संग्रामपूरला चुलत पुतण्याच्या लग्नाला सहकुटुंब जायचं होतं, तर आदल्या आठवड्यात हे एकटेच दोन रिकाम्या बॅगा घेऊन एसटीनं जाऊन आले. लग्नघरी गेले, दारावरून परतले, आतही गेले नाहीत. वहिनींनी खिडकीतून पाहिलं आणि रुसून गेले असं समजून घरभर रडारड केली. माझी मेव्हणी सांगते की तिला बघायला आले तेव्हाही एकदा कांदेपोहे खाऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा आले, तेच प्रश्न विचारले, तीच उत्तरं आली, तेव्हा कुठे होकार कळवला.

दुसरा नियम त्याहून अवघड. त्यांच्या धंद्यात म्हणे एकच निरोप तारेच्या गडबडीत दोनदा येऊ शकतो, आणि तेवढ्यानं पैसे दोनदा जाता कामा नयेत. म्हणून प्रत्येक मागणीला एक नंबर असतो, त्या नंबरचं काम एकदा झालं की झालं. आता आमच्याकडच्या पंगतीत आग्रह कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. पानात जिलेबी नाही वाढली तर यजमानाचा अपमान, वाढल्यावर परत नाही वाढली तर पाहुण्याचा अपमान. एका पंगतीत आमचे व्याही स्वतः ताट घेऊन आले, एक जिलेबी वाढली, फिरून आले आणि दुसरी घ्या म्हणाले. साडूभाऊंनी पानावर हात आडवा धरला आणि अत्यंत अदबीनं सांगितलं, "ही विनंती मघाशीच पूर्ण झाली आहे." व्याही आजतागायत मला विचारतात की त्यांचं नेमकं काय चुकलं. घरीसुद्धा तेच. बायकोनं "कोथिंबीर आणा" असं दोनदा म्हटलं तरी कोथिंबीर एकदाच येते, आणि तिला खरोखरच दुसरी जुडी हवी असली तर "ही नवीन" असं सांगावं लागतं.

तिसरी गोष्ट म्हणजे "पाठवलं" या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. आम्ही नांदुऱ्याहून काही धाडायचं तर कंडक्टरच्या हाती देतो आणि विसरून जातो. एकदा बायकोनं लोणच्याची बरणी खामगावमार्गे दिली. साडूभाऊंनी गाडीचा नंबर विचारला, कंडक्टरला मिशी आहे का ते विचारलं, आणि गाडी यायच्या तासभर आधी स्टँडवर जाऊन उभे राहिले. मग फोन आला की बरणी हाती आली. मग फोन आला की उघडून पाहिली, लोणचं तेच आहे. शेवटच्या फोनला मी नुसतं "हूं" म्हणालो तर म्हणाले, "भाऊ, हूं नका म्हणू, ठीक हाय म्हणा." जगातल्या कुठल्या देशात उद्या बँकेला सुट्टी आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. सासूबाईंनी एकदा उद्या एकादशी आहे का असं विचारलं तर हे म्हणाले, सिंगापूरला तर चालू आहे. पंचांगातला एकच भाग त्यांना मनापासून आवडतो, तो अधिक महिना. आपल्या पूर्वजांनी चंद्राचा आणि सूर्याचा मेळ बसवायला अख्खा महिना काढून ठेवला, आमची कंपनी हिशेबाचा मेळ बसवायला एक तास द्यायला तयार नाही, असं म्हणून ते हळहळतात.

आता मेव्हण्याचं सांगतो. आमचा मेव्हणा पूर्व आफ्रिकेतल्या एका साखर कारखान्यात फिटर आहे. हातात पाना दिला तर सोनं करील, पण बोलायला सांगितलं तर घाम फुटतो. कामाशिवाय बोलणं त्याला जमतच नाही. दर महिन्याला तो आईला पैसे पाठवतो. पूर्वी ते पैसे कुठल्या कुठल्या बँकांतून रमतगमत यायचे, कधी चार दिवस, कधी आठ. तो फोन करायचा, माय, पैसे टाकले. दोन दिवसांनी, आले का? मग, बँकेत जाऊन विचार. मग कळायचं की पासबुकावरच्या नावात आणि तिकडच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडं आहे. पुन्हा फोन. पैसे येईस्तोवर पाच-सहा फोन ठरलेले. प्रत्येक फोनमध्ये पैशाचं बोलणं दोन मिनिटं आणि मग गाय व्याली का, विहिरीला पाणी किती, शेजारच्या पोरीचं कुठं जमलं.

साडूभाऊंना हे बघवेना. जगाला रस्ते बांधून देणाऱ्या माणसाच्या सासूचे पैसे आठ-आठ दिवस वाटेत बसतात, ही त्यांना घराण्याची बेअब्रू वाटायची. तीन आठवडे खपून त्यांनी आपल्याच कंपनीच्या रस्त्याला जोडून मेव्हण्यासाठी एक छोटं ॲप तयार केलं. एक तारीख आली की तिकडच्या पगारातून आपोआप पैसे निघणार, नाणं होणार, रुपये होणार, सासूबाईंच्या खात्यात येणार. कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. नियमाप्रमाणे आधी एक रुपया पाठवून पाहायचा होता, पण सासूबाई म्हणाल्या शुभ कामाला सवा रुपया लागतो, म्हणून आफ्रिकेतून सवा रुपया आला. तो आल्याचा मेसेज सासूबाईंनी देवापुढे ठेवला, म्हणजे फोनच ठेवला, हळदकुंकू लावून. मग एक तारखेला खरे पैसे आले. अकरा सेकंदांत. साडूभाऊ घड्याळ धरून बसले होते. गल्लीत पेढे वाटले, आणि घरजावई म्हणणाऱ्यांची तोंडं त्या दिवसापुरती बंद झाली. पुढच्या महिन्यात अकरा सेकंद, त्याच्या पुढच्या महिन्यातही अकरा.

तशात अधिक महिना लागला, भर उन्हाळ्यात. धोंड्याच्या महिन्यात जावयाला घरी बोलावून जेवू घालायचं, अनारशांचं वाण द्यायचं, हा आपल्याकडचा रिवाज. मी बायकोला घेऊन जानेफळला गेलो. दोघे जावई पाटावर बसलो, सासूबाईंनी पुरणाचे धोंडे वाढले, तूप वाढलं, सगळं यथासांग. पण त्या नेहमीसारख्या बोलत नव्हत्या. वाढता वाढता आत जात, कोनाड्यातला फोन हातात घेऊन बघत, परत ठेवत. मला म्हणाल्या, "जवाईबापू, हा फोन बिघडला का, पाहा बरं." मी माझ्या फोनवरून लावून पाहिला. त्यांच्या हातात तो खणखणला. त्यांनी नुसती मान हलवली आणि मग साडूभाऊंच्या पानात तूप वाढताना, अगदी सहज, म्हणाल्या,

"बापू, पैसे लय लवकर येऊन राह्यले. जराक हळू नाही येत का?"

साडूभाऊंचा घास हातातच राहिला. हळू काऊन म्हणून त्यांनी विचारलं. त्यांच्या आयुष्यात ही तक्रार पहिल्यांदाच आली होती.

"पहिले पैसे रस्त्यात अडकत, तवा बाबूचा फोन येत जाये," सासूबाई म्हणाल्या. "आता पैसे येतात, बाबू नाही येत."

तीन महिन्यांत मुलाचा एकही फोन नव्हता. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. साडूभाऊंनी उरलेला धोंडा पानात तसाच ठेवला आणि हात धुवायला उठले. मला वाटलं, हे काय एवढं, मी चांगला तीस वर्षं मुरलेला अडत्या, दोन शब्द बोलून कितीतरी भांडणं मिटवलेली. तिथूनच मेव्हण्याला फोन लावला आणि चार गोष्टी सुनावल्या की आईला फोन करत जा. पोरगा गुणी, दुसऱ्या दिवशी त्यानं फोन केला. बरी हायेस का? बरी हाय. जेवलीस? जेवले. बरं, ठेवतो. पाऊण मिनिट. त्याला बोलायला निमित्त लागतं, आणि निमित्त आम्ही काढून घेतलं होतं. सासूबाई म्हणाल्या, कशाले तरास देता त्याले, कामात असते. पण फोन कोनाड्यात ठेवताना त्यांनी पदरानं पुसला.

साडूभाऊ आठ दिवस दुपारच्या डुलकीलाही ओसरीवर आले नाहीत. मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या कंपनीत कळलं असतं तर नोकरी राहिली नसती असं मी म्हणत होतो, पण ते सगळं आपल्या घरच्या ॲपपुरतंच होतं. त्यांनी आपल्याच हातानं आपल्या रस्त्याला फाटक बसवलं. एक तारखेला सकाळी सासूबाई त्यांना एक शब्द सांगणार, तो ते ॲपमध्ये घालणार. पैसे आफ्रिकेतून निघणार आणि मध्येच थांबणार. तोच शब्द मेव्हण्यानं तिकडून टाकला तरच पुढे सुटणार. आणि तो शब्द त्याला कळायचा एकच मार्ग, आईला फोन करणं. शब्द काय ठेवायचा म्हणून विचारलं तर सासूबाईंनी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं की त्या दिवशी जी भाजी केली असेल ती.

पुढल्या एक तारखेला मी मुद्दाम जानेफळ गाठलं. सकाळचे दहा वाजले असतील. आम्ही दोघे ओसरीवर, साडूभाऊंच्या मांडीवर संगणक. पैसे निघाल्याची खूण आली आणि मग पडद्यावर लिहून आलं, थांबले आहेत. पाचव्या मिनिटाला आत फोन वाजला. मेव्हणा घाईत होता, त्याचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. माय, शब्द सांग लवकर.

"आज काय भाजी केली, ओळख पाहू," सासूबाई म्हणाल्या.

हे आमच्या योजनेत नव्हतं. शब्द सांगून टाकायचा असं ठरलं होतं. मेव्हणा आधी वैतागला. मग तो म्हणाला, वांगं. सासूबाई म्हणाल्या, वांगं तर तू गेल्यापासून मी करतच नाही, खाईल कोण.  मग तो म्हणाला की इकडं कारखान्याच्या मेसमध्ये वांगं करतात, पण त्यात साखर घालतात. सासूबाईंनी त्या मेसवाल्याचा उद्धार केला. तिथून बोलणं सुरू झालं ते कढीवर गेलं, विहिरीवर गेलं, त्याचा एक मित्र आजारी होता त्याच्यावर गेलं, आणि जो माणूस आयुष्यात एका दमात चार वाक्यं बोलला नव्हता तो आईला सांगत होता की रात्री तिकडं फार पाऊस पडतो आणि झोप येत नाही.

वीस मिनिटं झाली. पडद्यावर अजून तेच, थांबले आहेत. मला चेष्टा सुचली. म्हटलं, साडूभाऊ, अकरा सेकंदांचा माणूस तुम्ही, वीस मिनिटं झाली, आता तुमचं काही खरं नाही. एरवी असं म्हटलं की ते वीस मिनिटं कशात गेली ते क्रमानं समजावून सांगतात. या वेळी त्यांनी संगणक बाजूला सरकवला. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत राहिले.

मग म्हणाले, "भाऊ, माही माय संग्रामपूरले एकटीच राहे. मी पुण्यात व्हतो. तिचे पैसे मी आपोआप जायचं बसवून देल्लं व्हतं. नऊ वर्षं, ती जाईपर्यंत." चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला. "एकबी महिना उशीर नाही झाला."

मी बाजारात बोलून पोट भरणारा माणूस. मला कुठल्याही गोष्टीवर म्हण सुचते. त्या वेळी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आत मेव्हणा चवथ्यांदा चुकला होता, आणि सासूबाई त्याला सांगत होत्या, "नाई रे बाबू, अजून सोपी हाय. नदीकाठची, बारीक पानाची. तू लहानपणी तोडून आणत जायेस."